फोटो पाहायला आणि लावून ठेवायला मोफत सॉफ्टवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"कोणतं घेऊ?" एवढंच विचारणारे निरोप सर्वांत जास्त येतात. त्याचं थेट उत्तर चौथ्या प्रश्नात आहे, घाई असेल तर तिकडे जा. पण खरी अडचण बहुतेकांना सॉफ्टवेअर घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांनी येते, म्हणून बाकीचे प्रश्नही घेतले आहेत. साधे आधी, गुंत्याचे नंतर.

१. डबल क्लिक केलं की फोटो उघडतात. मग वेगळं सॉफ्टवेअर कशाला हवं?

कदाचित नकोच. फोटो काही शे असतील आणि वर्षांचे फोल्डर केलेले असतील, तर कॉम्प्युटरसोबत आलेलं अ‍ॅप पुरतं. वेगळं काही घ्यायची वेळ कधी येते? हवा तो फोटो सापडत नाही, एकच फोटो चार ठिकाणी पडलेला असतो, कॅमेऱ्याची किंवा नव्या फोनची फाइल उघडतच नाही, किंवा शेकडो फोटोंची नावं एकदम बदलायची असतात. यातलं काहीच होत नसेल तर उगाच काही बसवू नका.

२. व्ह्यूअर, ऑर्गनायझर, एडिटर... फरक काय?

व्ह्यूअर फाइल उघडतो, दाखवतो आणि बंद होतो. त्याला आधीचं काही आठवत नाही, म्हणून तो हलका आणि चपळ असतो. ऑर्गनायझर तुमच्या फोटोंची नोंदवही ठेवतो: कोणता फोटो कुठे आहे, कधी काढला, त्यात कोण आहे, तुम्ही त्याला किती तारे दिलेत. ही नोंदवही म्हणजे डेटाबेस किंवा कॅटलॉग. तिसरा प्रकार रॉ डेव्हलपरचा. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही त्यातली दोन मोफत नावं, त्यांचं काम कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलपासून फोटो तयार करण्याचं. अनेक जण मागतात तिसरा प्रकार आणि गरज असते पहिल्याची. फोटो नुसते चाळायचे असतील तर डार्कटेबल उघडून हैराण होण्यात अर्थ नाही.

३. मोफत म्हणजे नक्की किती मोफत?

इथे चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द लावला जातो.

डिजीकॅम, डार्कटेबल, नोमॅक्स, इमेजग्लास ही ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशी, सॉफ्टवेअर आहेत. घरी वापरा, ऑफिसात वापरा, दहा कॉम्प्युटरवर टाका, कुणी विचारणार नाही. इर्फानव्ह्यू, एक्सएनव्ह्यू एमपी आणि फास्टस्टोन इमेज व्ह्यूअर ही वैयक्तिक वापरासाठी मोफत आहेत. फोटो स्टुडिओत किंवा कंपनीत वापरायची तर परवाना विकत घ्यावा लागतो. ही अट लोक वाचत नाहीत, आणि मग ऑफिसच्या तपासणीत पंचाईत होते. तिसरा प्रकार "मोफत डाउनलोड"चा: महिनाभर चालतं, नंतर पैसे मागतं किंवा फोटोवर शिक्का मारतं. चौथ्यात खातं उघडावं लागतं. अडोबी ब्रिज वर्गणीशिवाय वापरता येतं, पण अडोबीचं खातं लागतं. गूगल फोटोजमध्ये सॉफ्टवेअर फुकट असतं, जागा ठरावीक मर्यादेपर्यंतच.

ओपन सोर्सचा आणखी एक फायदा मालक बदलला की कळतो. अँड्रॉइडवर सिंपल गॅलरी नावाचं साधं, बिनजाहिरातीचं अ‍ॅप फार लोकप्रिय होतं. २०२३च्या अखेरीस ते एका कंपनीला विकलं गेलं. पण त्याचा कोड खुला होता, म्हणून जुन्या सहकाऱ्यांनी त्याचीच शाखा काढून फॉसिफाय गॅलरी या नावाने पुढे चालवली. कोड बंद असता तर वापरणाऱ्यांना नव्या मालकाच्या मर्जीवर राहावं लागलं असतं.

४. सरळ नाव सांगा. विंडोजवर कोणतं घेऊ?

नुसतं पाहायचं असेल तर इर्फानव्ह्यू. १९९६पासून चालत आलेलं आहे, आकाराने अगदी लहान आहे, जुन्या मंद कॉम्प्युटरवरही पटकन उघडतं. दिसायला मात्र त्याच काळातलं वाटतं. डोळ्यांना बरं काही हवं असेल तर फास्टस्टोन घ्या. त्यात फोटो पूर्ण पडदाभर असताना माउस कडेला नेला की मेनू सरकून येतो आणि चार फोटोंपर्यंत शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. एकाच क्षणाचे सात फोटो काढून त्यातला एक निवडणाऱ्यांना ही सोय फार आवडते.

पाहणं आणि थोडंफार लावणं, दोन्ही हवं असेल तर एक्सएनव्ह्यू एमपी. पाचशेच्या वर प्रकारच्या फाइल ते उघडतं, त्यामुळे कुठल्या तरी जुन्या सीडीवरची विचित्र फाइलही बहुधा दिसते.

संग्रह हजारोंचा असेल, माणसांची नावं, विषय, जागा असं सगळं नोंदवायचं असेल, तर डिजीकॅम. पहिला आठवडा ते अंगावर येतं, मेनूंची गर्दी आहे, पहिल्यांदा सगळे फोटो वाचायला वेळ घेतं. तरीही मोठ्या संग्रहासाठी मी दुसरं नाव सुचवत नाही. कारण सातव्या प्रश्नात आहे.

दोन सॉफ्टवेअर एकत्र ठेवायला काहीच हरकत नाही. डबल क्लिकला इर्फानव्ह्यू आणि निवांत लावायला डिजीकॅम, ही जोडी छान जमते.

५. मॅकवर आणि लिनक्सवर काय?

मॅकवर फोटोज हे अ‍ॅप आधीपासून असतं आणि चांगलं आहे. एक गोष्ट माहीत हवी: ते आयात केलेले फोटो स्वतःच्या लायब्ररीत उचलून ठेवतं, आणि ती लायब्ररी बाहेरून एकच फाइल असल्यासारखी दिसते. फोटो आपल्याच फोल्डरमध्ये राहू द्यायचे असतील तर सेटिंगमध्ये लायब्ररीत कॉपी करण्याची खूण काढून टाका. एक्सएनव्ह्यू एमपी आणि डिजीकॅम मॅकवरही चालतात.

लिनक्सवर निवडायला भरपूर आहे. पाहायला ग्वेनव्ह्यू किंवा जीथम्ब, साध्या संग्रहाला शॉटवेल, मोठ्याला डिजीकॅम. ते मुळात लिनक्सच्या केडीई प्रकल्पातूनच आलेलं आहे.

६. डाउनलोड कुठून करावं?

त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या साइटवरून, किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत स्टोअरमधून. सर्चमध्ये सर्वांत वर येणारी लिंक जाहिरातही असू शकते. पानावर दोन-तीन मोठाली "डाउनलोड" बटणं दिसली तर खरं बटण सहसा त्यातलं सगळ्यांत साधं असतं. बसवताना "पुढे, पुढे" करत जाऊ नका. सोबत दुसरं काही बसवायची खूण आधीच केलेली असेल तर ती काढा. इर्फानव्ह्यूचे प्लगइन, म्हणजे जास्तीच्या सोयी देणारे जोड-भाग, वेगळे उतरवावे लागतात, तेही त्याच अधिकृत जागेवरून घ्या.

७. उद्या सॉफ्टवेअर काढून टाकलं तर फोटो जातील का?

फोटो जात नाहीत. ते तुमच्या फोल्डरमध्येच असतात, सॉफ्टवेअर फक्त ते दाखवत असतं. (मॅकच्या फोटोजचा अपवाद पाचव्या प्रश्नात पाहा. अ‍ॅप कोणतंही असो, लायब्ररीची फाइल पुसू नका.) जातात ती तुमची कष्टाने लिहिलेली नावं, टॅग (फोटो शोधायला लावलेले शब्द) आणि तारे. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझा पहिला प्रश्न असतो: मी केलेलं काम हे कुठे लिहून ठेवतं?

जागा तीन आहेत. पहिली, फोटोच्या फाइलच्या आत. प्रत्येक जेपेग फाइलमध्ये चित्राशिवाय माहितीसाठी जागा असते. कॅमेरा तिथे एक्झिफ या प्रमाणाने तारीख, लेन्स, शटर वगैरे लिहितो. माणसाने लिहायच्या गोष्टींसाठी, म्हणजे मथळा, टॅग, तारे यांसाठी, आयपीटीसी आणि एक्सएमपी अशी दोन प्रमाणं आहेत. एक्सएमपी अडोबीने २००१मध्ये आणलं आणि पुढे ते आयएसओ प्रमाण झालं. दुसरी जागा, फोटोच्या शेजारची छोटी एक्सएमपी फाइल, जिला साइडकार म्हणतात. तिसरी, फक्त सॉफ्टवेअरचा स्वतःचा डेटाबेस.

पहिल्या दोन जागी लिहिलेलं दुसरं सॉफ्टवेअर वाचू शकतं. तिसऱ्या जागी लिहिलेलं बहुधा नाही. डिजीकॅममध्ये आणि एक्सएनव्ह्यू एमपीमध्ये फाइलमध्ये किंवा साइडकारमध्ये लिहिण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. ती चालू आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहा, पाच हजार फोटोंना टॅग लावून झाल्यावर नव्हे.

कुणाच्या बोलण्यावर जाऊ नका, स्वतः तपासा. एका फोटोची प्रत काढा, तिला टॅग आणि तारे द्या, ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन वेगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. टॅग दिसले तर काम तुमचं आहे. दिसले नाहीत तर ते सॉफ्टवेअरच्या ताब्यात आहे.

८. माझं पिकासा अजून व्यवस्थित चालतं. सोडायलाच हवं का?

आज चालतंय म्हणून उद्या चालेलच असं नाही. पिकासा हे फोटो लावून ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर गूगलने २००४मध्ये घेतलं आणि १५ मार्च २०१६ला डेस्कटॉप आवृत्तीचा पाठिंबा थांबवला. त्यानंतर आलेले फोटोंचे प्रकार त्याला कळत नाहीत.

सोडताना घाई मात्र करू नका, कारण पिकासाने तुमचं काम वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलंय. जेपेगचे मथळे आणि टॅग फाइलमध्ये जातात, ते सुरक्षित आहेत. पण क्रॉप, रंगदुरुस्ती आणि तारे प्रत्येक फोल्डरमधल्या पिकासा आयएनआय या लपलेल्या फाइलमध्ये असतात. म्हणून दुरुस्त केलेला फोटो दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की मूळचाच दिसतो आणि लोक घाबरतात. पिकासातून "सेव्ह" केलं की बदल फाइलमध्ये उतरतात आणि मूळ प्रत एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते. तो फोल्डर कचरा समजून पुसू नका. चेहऱ्यांची नावं फोटोमध्ये लिहिण्याचा पर्याय ३.९ आवृत्तीच्या सेटिंगमध्ये आहे. तो चालू करून नावं फोटोंत उतरवून घ्या, मगच डिजीकॅमकडे वळा. ताऱ्यांसाठी सोपी युक्ती: पिकासातच तारेवाले सगळे फोटो एकदम निवडून त्यांना "आवडते" असा टॅग द्या. टॅग फाइलसोबत येतो.

९. फोल्डर तारखेने करू की प्रसंगाने?

दोन्ही एकाच नावात बसतात. वर्षाचा एक फोल्डर, त्यात प्रत्येक प्रसंगाचा एक, आणि त्याचं नाव आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग प्रसंग. वर्ष पुढे असल्यामुळे नावानुसार लावलं तरी क्रम तारखेचाच येतो. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र येऊन बसतील.

माणसांचे फोल्डर करू नका. एका फोटोत तीन माणसं असली की तो तीन फोल्डरमध्ये कॉपी होतो, आणि तेराव्या प्रश्नातली डोकेदुखी इथेच जन्म घेते. माणूस आणि विषय यांच्यासाठी टॅग असतात.

१०. टॅग मराठीत लिहिले तर चालतात का?

चालतात, आणि बिनधास्त लिहा. एक्सएमपी युनिकोडमध्ये असतं, त्यामुळे देवनागरीला अडचण नाही. गोम आहे ती जुन्या आयपीटीसी प्रमाणात. त्यात एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंतसुद्धा तीन-तीन बाइट घेतो. म्हणजे सगळं मिळून एकवीस चिन्हं. "वाढदिवस"ला २१ बाइट लागतात, काही प्रश्न नाही. पण "शाळेतल्या मैत्रिणींचं स्नेहसंमेलन" असा टॅग दिला तर पहिल्या दोन शब्दांतच ६१ बाइट संपतात आणि तिसरा शब्द कापला जाऊ शकतो. टॅग आटोपशीर ठेवा, लांब वर्णन मथळ्यात लिहा, आणि एक्सएमपीत लिहिण्याचा पर्याय चालू ठेवा.

शुद्धलेखन मात्र एकच ठरवा. "दिवाळी" आणि "दीवाळी" हे कॉम्प्युटरच्या दृष्टीने दोन वेगळे टॅग आहेत. दरवेळी टाइप करण्याऐवजी सॉफ्टवेअरने दाखवलेल्या यादीतून निवडलं की हा घोळ होत नाही.

फाइलची आणि फोल्डरची नावंही देवनागरीत चालतात, पण तारखेसाठी इंग्रजी अंकच वापरा. कॅमेरे आणि फोन तेच वापरतात, दोन्ही अंक मिसळले की क्रम बिघडतो.

११. सॉफ्टवेअर चेहरे ओळखून आपोआप नावं देतं का? त्यासाठी फोटो बाहेर पाठवतं का?

डिजीकॅम हे काम तुमच्याच कॉम्प्युटरवर करतं. त्यासाठी लागणाऱ्या मोठ्या फाइल सुरुवातीला एकदा इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात, फोटो मात्र बाहेर जात नाहीत. २०२०मधल्या ७.० आवृत्तीपासून यात न्यूरल नेटवर्क आलं आणि ओळख बरीच सुधारली. गूगल फोटोजमध्ये फोटोच कंपनीच्या सर्व्हरवर असतात, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

"आपोआप" म्हणजे मात्र अर्धंच आपोआप. आधी प्रत्येकाचे काही चेहरे तुम्ही नाव देऊन पक्के करायचे, मग ते बाकीचे सुचवतं. भावंडांत आणि लहान मुलांत हमखास गल्लत होते. सुचवलेली नावं डोळे झाकून मान्य करू नका.

१२. फोटो तारखेनुसार लागतच नाहीत. असं का?

कारण एका फोटोला अनेक तारखा असतात. फाइलची तारीख कॉपी करताना, उतरवताना, दुरुस्त करताना बदलू शकते. खरी तारीख एक्झिफमध्ये असते, फोटो काढल्याच्या क्षणाची. सॉफ्टवेअरमध्ये "फाइलची तारीख" सोडून "काढल्याची तारीख" हा क्रम निवडला की निम्मे प्रश्न मिटतात. उरलेले असे:

व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोतलं एक्झिफ काढून टाकलेलं असतं. अँड्रॉइडवर अशा फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो व्हॉट्सअ‍ॅपमधून आला त्या दिवसाची, काढल्याची नव्हे. यापुढे महत्त्वाचे फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, मग फाइल जशीच्या तशी येते.

कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलेलं असेल तर एकेक फोटो दुरुस्त करू नका. चूक सगळीकडे सारखीच असते, तेव्हा सगळ्यांची वेळ एकदम तितकीच पुढे-मागे सरकवा. डिजीकॅम आणि एक्सएनव्ह्यू एमपीत ही सोय आहे. कमांड लिहायची भीती नसेल तर एक्झिफटूलसारखं दुसरं साधन नाही. दूरच्या प्रवासात फोन आणि कॅमेरा यांच्या वेळा जुळत नाहीत, तोही यातलाच प्रकार. फोन नव्या जागेची वेळ स्वतः घेतो, कॅमेरा जुनीच धरून बसतो. एक्झिफमध्ये टाइम झोन लिहायला जागा २०१६च्या आवृत्तीपर्यंत नव्हतीच, त्यामुळे जुन्या फोटोंवरून सॉफ्टवेअरला हे कळायला मार्ग नाही.

स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनची तारीख पडते. वर्ष माहीत असेल तर त्या वर्षाची १ जानेवारी टाका आणि "अंदाजे" असा टॅग द्या. काही वर्षांनी ती तारीख खरी मानली जाऊ नये, एवढ्यासाठी तो टॅग.

१३. एकच फोटो पाच ठिकाणी आहे. जास्तीचे कसे काढू?

सगळ्यात आधी अठरावा प्रश्न वाचा आणि बॅकअप घ्या. मग पुढे.

तंतोतंत सारख्या फाइल शोधणं सोपं असतं. चकाव्का आणि ड्यूपगुरू ही दोन ओपन सोर्स साधनं ते काम पटापट करतात, आणि इथे चुकायची शक्यता जवळपास नसते. दिसायला सारखे पण फाइल वेगळी, हा अवघड प्रकार: मूळ फोटो, त्याचीच व्हॉट्सअ‍ॅपची लहान केलेली प्रत, आणि क्रॉप केलेली तिसरी. यासाठी ही दोन्ही आणि डिजीकॅम चित्रांची तुलना करून "इतके टक्के सारखं" असं सांगतात. टक्केवारी वरच्या टोकाला ठेवून सुरुवात करा. खाली आणलीत की एकापाठोपाठ काढलेले दोन वेगळे फोटोही जोडीत येतात.

कोणता ठेवायचा? ज्याची मापं मोठी आणि ज्यात एक्झिफ शाबूत, तो. आपोआप पुसण्याचं बटण वापरू नका. आणि नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून पुसलेली फाइल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच.

१४. आयफोनचे फोटो कॉम्प्युटरवर उघडत नाहीत.

ते एचईआयसी प्रकारचे असतील. अ‍ॅपलने २०१७मध्ये आयओएस ११पासून हा प्रकार आणला, कारण त्याच दर्जाला जेपेगपेक्षा तो कमी जागा घेतो. विंडोजच्या स्वतःच्या फोटो अ‍ॅपला त्यासाठी स्टोअरमधून जोड-घटक लागतात. ते नको असतील तर एक्सएनव्ह्यू एमपी किंवा डिजीकॅमची ताजी आवृत्ती वापरा.

सगळा संग्रह जेपेगमध्ये बदलून मूळ फाइल पुसण्याचा मोह टाळा. बदलताना दर्जा थोडा उतरतो आणि फायदा तात्पुरता असतो. पुढचे फोटो जेपेगमध्येच हवे असतील तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये फॉरमॅटखाली "मोस्ट कम्पॅटिबल" निवडा.

१५. रॉ फोटो व्ह्यूअरमध्ये सुंदर दिसतो, डार्कटेबलमध्ये फिकट. बिघाड कुठे आहे?

कुठेच नाही. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने तयार केलेला एक जेपेग असतो. पटकन दाखवणारे व्ह्यूअर तोच दाखवतात. डार्कटेबल मात्र सेन्सरच्या कच्च्या माहितीपासून सुरुवात करतं, कॅमेऱ्याने दिलेला झळाळ त्यात नसतो. तो द्यायचं काम तुमचं. नुसती निवड करायची असेल तर पोटातला जेपेग पुरेसा आहे. कॅमेरा अगदी नवा असेल आणि फाइल उघडतच नसेल, तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं.

रॉ फाइलमध्ये टॅग लिहू देऊ नका. तिच्यासाठी साइडकारच योग्य.

१६. फोटो फिरवला की खराब होतो का?

कसा फिरवता त्यावर आहे. जेपेग उघडून, फिरवून, पुन्हा सेव्ह केला तर प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो. बिननुकसानीचे दोन मार्ग आहेत. एकात फक्त "हा फोटो असा धरून पाहा" ही एक्झिफमधली खूण बदलते, चित्राला हात लागत नाही. दुसऱ्यात जेपेगचे चौकोनी ठोकळेच न उलगडता जागा बदलतात. याला लॉसलेस रोटेशन म्हणतात आणि इर्फानव्ह्यूत त्यासाठी प्लगइन लागतो. चित्राची मापं ठोकळ्याच्या, म्हणजे ८ किंवा १६ पिक्सेलच्या पटीत नसतील तर कडेची बारीक पट्टी छाटली जाऊ शकते.

एका सॉफ्टवेअरमध्ये उभा आणि दुसऱ्यात आडवा दिसणारा फोटो म्हणजे दुसरं सॉफ्टवेअर ती खूण पाळत नाही.

१७. एकाच फोटोचे रंग दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगळे का दिसतात?

एकात कलर मॅनेजमेंट चालू आहे, दुसऱ्यात नाही. फोटोसोबत रंगांची एक प्रोफाइल असते, मॉनिटरचीही असते. दोन्ही वाचणारा व्ह्यूअर खऱ्याच्या जवळ जातो. इर्फानव्ह्यूत ही सोय प्लगइन टाकून चालू करावी लागते. साध्या मॉनिटरवर फरक जाणवणार नाही, जास्त रंग दाखवणाऱ्या मॉनिटरवर चेहरे लालभडक दिसू लागतात.

१८. सॉफ्टवेअरमध्ये फोटो आहेत म्हणजे बॅकअप झाला ना?

नाही. ऑर्गनायझर फोटोंच्या प्रती ठेवत नाही, फक्त नोंदी ठेवतो. नियम जुनाच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. इकडे पुसलेला फोटो सिंक तिकडूनही इमानेइतबारे पुसून टाकतं. डेटाबेसची प्रतही सोबत घ्या, अल्बम आणि इतर काही नोंदी फक्त त्यातच असतात.

१९. गूगल फोटोजमधून सगळं बाहेर काढायचं आहे. तारखा का बिघडतात?

१ जून २०२१ला अमर्याद मोफत साठवण बंद झाली. तेव्हापासून १५ जीबीत ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळं बसवायचं असतं, म्हणून हा प्रश्न वाढलाय. बाहेर काढायला गूगलचंच टेकआउट वापरतात. त्यातून प्रत्येक फोटोसोबत एक जेसन फाइल येते. कॅमेऱ्याने लिहिलेलं एक्झिफ फोटोत असतं, पण तुम्ही गूगल फोटोजमध्ये बदललेली तारीख आणि लिहिलेलं वर्णन फक्त त्या जेसनमध्ये असतं. ती फाइल निरुपयोगी समजून पुसली की ते काम गेलं. एक्झिफटूलने ती माहिती परत फोटोंत भरता येते.

२०. फोल्डरची जागा बदलली आणि सगळे टॅग गायब झाले!

बहुतेक गायब झालेले नाहीत. सॉफ्टवेअर फोटो जुन्या जागी शोधतंय. डिजीकॅम फाइलची ओळख साठवून ठेवतं, त्यामुळे हलवलेला फोटो बऱ्याचदा नव्या जागी ओळखतं. टॅग फाइलमध्ये लिहिलेले असतील (प्रश्न ७) तर नवी जागा पुन्हा वाचायला लावली की सगळं परत येतं. यापुढे फोटो आणि फोल्डर सॉफ्टवेअरच्या आतूनच हलवा. बाहेरच्या डिस्कचं ड्राइव्ह अक्षर बदललं तरी असंच होऊ शकतं, तेव्हा आधी तेवढं पाहा.

२१. घरातल्या दोन कॉम्प्युटरवरून एकच संग्रह वापरता येईल का?

फोटो नेटवर्कवर ठेवायला हरकत नाही, पण डिजीकॅमचा नेहमीचा एसक्यूलाइट डेटाबेस नेटवर्कवर ठेवू नका, तो बिघडतो. सोपा मार्ग: दोन्हीकडे आपापला डेटाबेस आणि टॅग फाइलमध्ये. डिजीकॅम मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे सर्व्हरवरचे डेटाबेसही चालवतं, पण ते उभं करायला हात बसलेला हवा. सगळ्यांना फोनवरूनही पाहायचं असेल तर इमिच किंवा फोटोप्रिझम ही फोटो-सर्व्हरची सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवर बसवतात. दोन्ही सुरेख आहेत, पण घरात देखभाल करणारं कुणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

२२. साइडकार आहेत, तरी दुसरं सॉफ्टवेअर ते वाचत नाही.

नावात फरक असेल. डिजीकॅम आणि डार्कटेबल फोटोचं एक्स्टेन्शनसह (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या भागासह) पूर्ण नाव घेऊन त्यापुढे एक्सएमपी जोडतात. अडोबीची सॉफ्टवेअर मूळ एक्स्टेन्शन काढून त्या जागी एक्सएमपी लावतात. अडोबीकडे जायचं असेल तर डिजीकॅमच्या मेटाडेटा सेटिंगमध्ये व्यावसायिक सॉफ्टवेअरशी जुळणारी नावं वापरण्याचा पर्याय आहे, तो निवडा.

२३. शेकडो फोटोंची नावं एकदम बदलली आणि आयफोनचे हलणारे फोटो हलेनासे झाले.

लाइव्ह फोटो म्हणजे एक चित्र आणि एक छोटा व्हिडिओ, दोन्हींचं नाव सारखं. नावं बदलताना फक्त चित्रं निवडली की जोडी तुटते. रॉ आणि जेपेग एकत्र काढणाऱ्यांचंही असंच होतं, आणि साइडकार मागे राहिले तर त्यांचंही. नावाला अनुक्रमांक देण्याऐवजी काढल्याची तारीख-वेळ द्या आणि जोडीतल्या दोन्ही फाइल एकत्रच निवडा. तरी व्हिडिओतली वेळ चित्राच्या वेळेहून टाइम झोनच्या फरकाने वेगळी नोंदलेली असू शकते, म्हणून आधी पाच-सहा जोड्यांच्या प्रतींवर करून पाहा. अनुक्रमांकच हवे असतील तर जोड्या बाजूला काढून बाकीच्यांना द्या.